वामांची मोजणी

अमृत वीरकर मासे मोजायला आलाय, हे बोरजाईवाडीत पहिले दोन दिवस कुणाला पटेना. पलूसच्या एसटीतून तो उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर सॅक होती, एका हातात वजनकाटा आणि दुसऱ्या हातात झाकणाची प्लॅस्टिकची बादली. पारावरच्या चौघांनी त्याला आधी विम्याचा माणूस ठरवलं आणि मग कारखान्याचा. खरं काय ते कळल्यावर त्यातला एकजण म्हणाला, "पान्यातलं मासं मोजनार? मग आभाळातली पाखरं कोन मोजनार हाय?" अमृत हसला. या चेष्टेची त्याला सवय होती. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यातली सतरा वर्षं त्यानं नद्यांमधले मासेच मोजले होते.

गाव लहान. कृष्णेनं भिलवडीच्या खाली एक वळण घेतलंय, त्या वळणाच्या पोटात तीस-चाळीस घरं, मागे ऊस आणि पुढे घाटाच्या पायऱ्या. देवळाच्या भिंतीवर दोन महापुरांच्या खुणा पिवळ्या रंगानं रंगवून ठेवलेल्या. घाटासमोर पाणी एकदम गडद होतं, तो बोरजाईचा डोह. या डोहातली वाम नावाजलेली. सापासारखी लांब, हातात न ठरणारी, आणि रश्श्याला अशी की खाणारा दुसऱ्या दिवशीही बोटं हुंगत बसतो. सांगलीच्या बाजारात तिला अजून गिऱ्हाईक थांबून असतं. पण वाम कमी होत चालली होती. डोहात ती किती उरलीय हे मोजायचं आणि धरू द्यायची की पाच वर्षं बंद करायची ते सरकारला लिहून द्यायचं, एवढं अमृतचं काम.

वाम धरणारा आता एकच माणूस उरला होता, नानासो भोई. वय चौऱ्याहत्तर. पूर्वी अशी अकरा घरं होती. कुणाची पोरं मुंबईला गेली, कुणाची गवंडीकामाला. नानासो मात्र अजून रोज गुऱ्हाळातली जुनी काहील पाण्यात ढकलायचा, तिच्यात उकिडवा बसायचा आणि वल्हं मारत डोहात जाऊन बांबूच्या कामट्यांचे सापळे टाकून यायचा. गूळ आटवायच्या कढईत बसून म्हातारा पाण्यावर गरगर फिरताना बघितला की नव्या माणसाला हसू यायचं. अमृतला आलं नाही. त्यानं हे लहानपणी बघितलं होतं.

पहिल्या दिवशी नानासोची बायको मनुबाई चहा घेऊन आली आणि कपबशी हातात देता देता थबकली.

"तू माणातल्या बिरू वीरकराचा अमृत न्हवं?"

"व्हय, मावशी."

"कपाळ तेच हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

मायाचं नाव तिनं काढलं नाही. अमृतनंही काढलं नाही. चहा फार गोड झाला होता, तो त्यानं तसाच पिऊन टाकला.

अमृतच्या लहानपणी दिवाळी झाली की माणातली मेंढरं खाली यायची. वर पाण्याचं दुर्भिक्ष, इथे नदीकाठी हिरवं. वीरकरांच्या तीन घरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, बोरजाईवाडीच्या लालासाहेबांच्या रानात बसायचा. रात्री मेंढरं रानात बसवायची, लेंड्यांचं खत त्यांना आणि धान्य आपल्याला. घोड्यावर भांडी, भांड्यांवर कोंबड्या आणि कोंबड्यांशेजारी लहानगी पोरं, अशी ती वरात. अमृतला अजून त्या वाटेचा वास आठवायचा, ओल्या लोकरीचा आणि उसाच्या पाचटाचा. तिन्ही घरांची मिळून पोरं सात. दिवसभर कोकरांमागे आणि दिवस कलला की घाटावर. मनुबाई तेव्हा तिशीतली होती. ती वाटीवाटीनं वामेचा रस्सा द्यायची आणि माया, अमृतची आठ वर्षांची बहीण, वाटी चाटूनपुसून परत करताना म्हणायची, "मावशी, धुवायची गरज न्हाई." तसं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही, असं अमृतला मनापासून वाटायचं.

त्याचा बाप मेंढरं कधी मोजत नसे. कुठलाच जुना मेंढका मोजत नाही. दोनशे मेंढरं सांजेला समोरून जाताना तो फक्त बघायचा आणि म्हणायचा, "कानी तांबडी न्हाई आली." म्हणजे ती आलेली नसायचीच. "मोजायचं न्हाई रं," तो सांगायचा. "तोंडं बघायची. आकडा भरतो आन् जित्राब मागं ऱ्हातं."

अमृत चौथीत होता, आश्रमशाळेतून पाढे शिकून आला होता आणि जे दिसेल ते मोजत सुटला होता. एका सांजेला रानातून बापानं हाळी दिली, "समदी आली का रं पोरं?" घाटावर अंधारून आलं होतं. अमृतनं बोट नाचवत मोजलं. समोर सहा आणि आपण एक. "सात हायती, आबा," तो ऐटीत ओरडला. सगळी पोरं रानाकडे पळाली. जेवताना कुणी इकडे बसलं, कुणी तिकडे. माया नाही हे आईला कळेपर्यंत तास गेला होता.

ती सापडली नाही. तीन दिवस नानासोनं डोह ढवळला, काहीच वर आलं नाही. वीरकरांचा वाडा पुन्हा या काठाला उतरला नाही. बापानं त्याला कधी हात लावला नाही, बोल लावला नाही. एकदाच, माणात परत गेल्यावर, मेंढरांकडे बघत तो म्हणाला, "मोजलंस कशाला रं? तोंडं बघायचीस."

तीस वर्षं अमृत तोच आकडा पुन्हा पुन्हा मोजत आला होता. समोरची पाच तोंडं त्याला स्पष्ट आठवायची. सहावं जे होतं ते पायरीवर पाठमोरं बसलं होतं आणि त्याचे केस ओले होते. आपण चुकलो होतो की नव्हतो, एवढंच त्याला मरायच्या आत कळायला हवं होतं. म्हणून तर बोरजाईवाडीचं काम आलं तेव्हा त्यानं ते नाकारलं नाही.

मोजायची रीत सोपी होती. सापळ्यात आलेल्या वामा मापायच्या, तोलायच्या, डोक्यामागच्या पराला चिमट्यानं एक गोल भोक पाडायचं आणि पुन्हा डोहात सोडायच्या. पंधरा दिवसांनी परत सापळे टाकायचे. भोकाच्या वामा फार सापडल्या, तर डोहात एकूण थोड्याच आहेत. बिनभोकाच्या फार आल्या, तर पुष्कळ आहेत. आठ दिवसांत अमृतनं चाळीस वामा सोडल्या. सगळ्या हातभर लांब, जाड, जुन्या. पिल्लू एकही नाही. वामेची पिल्लं समुद्रातून नदी चढून येतात. खाली नदीला एकामागून एक बंधारे झाले आणि ती वाट बुजली.

"म्हंजी ह्या मेल्या की संपलं," नानासो म्हणाला.

"तसंच दिसतंय, नाना. बंद करा असंच लिहावं लागेल बहुतेक."

म्हातारा बराच वेळ सापळ्याची कामटी नीट करत राहिला. "पाच वरसं बंद म्हंजी माज्यापुरतं कायमचंच की. काठावर बसून पान्याकडं बघायला मला न्हाई जमायचं, सायेब."

अमृतला वाईट वाटलं. पण आकडा हा आकडा असतो, असं तो स्वतःला गेली सतरा वर्षं सांगत आला होता.

पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा लालासाहेबांच्या रानात पुन्हा एक वाडा बसला होता. तोही माणातलाच. दोन घरं, शंभरेक मेंढरं आणि पोरं सहा. त्या वाड्यातली बयाबाई बोलकी. अमृत आपल्याच मुलखातला हे कळल्यावर तिनं त्याला ताकाचा तांब्या दिला आणि पोरांना ताकीद दिली की सायबांच्या बादलीत हात घालायचा नाही. पोरांनी अर्थातच घातला. साईराज, मल्हार, प्रांजल आणि धाकटी जुळी भावंडं त्याच्या भोवती कोंडाळं करून बसायची. बयाबाईची साक्षी, सात-आठ वर्षांची, जरा बाजूला बसून पाण्याकडे बघायची. तिच्या वेणीला तांबडी रिबीन होती.

पहिल्या सापळ्यात एकच वाम आली, आणि ती उचलताना अमृतचे हात थांबले. त्याच्या मनगटाएवढी जाड, पाठ हिरवट काळी. डोक्यामागचा उजवा पर कातरलेला होता. गोल भोक नव्हतं. टोकाला एक खाच आणि खाली आतल्या बाजूला दुसरी, बारीक.

मेंढ्यांच्या कानाला प्रत्येक घराची आपली खूण असते. ही वीरकरांची होती.

आणि मग त्याला ती दुपार आठवली. नानासोच्या सापळ्यात करंगळीएवढी वाम आली होती. मायानं ती घमेल्यात घालून मागून घेतली. डोक्यामागचे पर म्हणजे हिचे कान, असं तिचं म्हणणं. आबांची लोकर कातरायची कातर तिनं पळवून आणली, अमृतनं वाम धरली आणि तिनं कच्चकन दोनदा कातरलं. "आता ही आपली," ती म्हणाली. "हरवली तरी घावंल." आणि घमेलं पाण्यात उपडं केलं.

वाम पुष्कळ जगते, हे अमृतला ठाऊक होतं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तरी तो पायरीवर बसून रडला, पोरांसमोर, लाज न वाटता. मायानं हात लावलेलं काहीतरी या जगात अजून जिवंत होतं. त्यानं बापाला फोन लावला. आबा आता ऐंशीच्या घरातले, माणात सोप्यात पडून असायचे. त्यानं सगळं सांगितलं.

"तिचं त्वांड बघितलंस का?" आबांनी विचारलं.

"वामेचं?"

आबांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सापळ्यात नऊ वामा आल्या. सगळी पिल्लं. करंगळीएवढी, काचेसारखी फिकी. नानासो काहिलीतच उठून उभा राहिला आणि ती कलंडायची वाचली.

"पिल्लं! वीस वरसं झाली हो, पिल्लू बघून. लिवा सायेब, पिल्लं आली म्हनून लिवा. मग बंद कशापायी?"

अमृतनं एक पिल्लू ओल्या तळव्यावर घेतलं. उजवा पर बघितला. मग दुसरं, मग तिसरं. नऊच्या नऊ पिल्लांच्या उजव्या पराला दोन खाचा होत्या.

त्यानं भिंग लावून बघितलं. कातरलेली कड भरून येऊन गोल झाली होती. अशी कड व्हायला वर्षं लागतात. ही पिल्लं वर्षाची तरी असतील की नाही, शंकाच.

"पोरांनी केलं का काही?" त्यानं मनुबाईला विचारलं. ती घाटावर भांडी घासत होती. तिनं हातातलं तांब्याचं भांडं उगाच दुसऱ्यांदा घासलं.

"कातरीचा आवाज येतो," ती म्हणाली. "सांजच्याला, दिवेलागणीला. लोकर कातरल्यागत. आधी वाटायचं मेंढकं आलं असत्याल. पन मेंढकं नसत्यात तवा बी येतो."

"कवापासून?"

"तुमचा वाडा हितनं गेला तवापासून." भांडं उपडं घालून ती उठली. "नदीवर मोजत बसू ने बाबा. जा आपल्या घरी."

तिसऱ्या दिवशी एकवीस आल्या. चौथ्या दिवशी अमृतनं मोजलंच नाही. बादल्या भरल्या, घमेली भरली. त्यानं पाडलेल्या गोल भोकाची एकही नव्हती. त्या चाळीस वामा कुठे गेल्या, हे डोहालाच माहीत. नानासोचाही पहिला आनंद ओसरला होता. पिल्लं बघून तो आता हात मागे घ्यायचा.

अमृत वही उघडून पायरीवर बसला. रीतीप्रमाणे आकडा उत्तम भरत होता. डोह पिल्लांनी भरलाय, धंदा ठणठणीत आहे, खुशाल धरा, असं लिहिलं की काम संपत होतं आणि म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य सुखाचं होत होतं. आकडा भरतो आन् जित्राब मागं ऱ्हातं. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा बसवलं.

दिवस बुडाला होता. पाण्यावर उसाच्या फडातला धूर उतरला होता. नानासो काहील घेऊन सापळे उचलायला गेला होता. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मेंढक्यांची पोरं खेळत होती आणि त्यांच्या बोलण्याची गुणगुण वर येत होती. अगदी तशीच, त्या वेळेसारखी. अमृतला क्षणभर फार बरं वाटलं.

मग त्याला आवाज आला. कच्च. थोडं थांबून, कच्च.

रानातून बयाबाईनं हाळी दिली. "आवं दादा, पोरं हायती का तिथं समदी?"

अमृतचं बोट आपोआप उठलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सहा होती. आकडा बरोबर होता.

"सायेब? हायती न्हवं सहा?"

'हायती' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता.

त्यानं तो गिळला. तो उठून पायऱ्या उतरू लागला. तोंडं बघायची.

साईराज. मल्हार. प्रांजल. जुळ्यांतला एक. जुळ्यांतला दुसरा.

सहावी शेवटच्या पायरीवर पाठमोरी बसली होती. केस मोकळे होते, ओले होते. त्यांत रिबीन नव्हती.

"साक्षी?"

तिनं वळून बघितलं नाही.

"नाना!" अमृत ओरडला. एवढ्या मोठ्यानं तो आयुष्यात ओरडला नव्हता. "नाना, पोरगी न्हाई! पान्यात बघा, पान्यात!"

नानासोनं काहील गर्रकन फिरवली. सापळ्यांच्या दोरीशी काहीतरी तांबडं तरंगत होतं. म्हाताऱ्यानं वल्हं टाकलं आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत पाण्यात घातले.

अमृत कमरेइतक्या पाण्यात उतरला, तेव्हा त्या पायरीपाशी कुणी नव्हतं. दगड ओला होता.

साक्षी जिवंत होती. उपडी घातल्यावर तिच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला आला, मग रडणं. बयाबाई धावत आली ती पोरीला उराशी धरून घाटावरच बसली आणि अमृतच्या पायांना हात लावू लागली. त्यानं तिचे हात धरले. त्याला हुंदका आवरेना. तीस वर्षांपूर्वी पायरीवर कुणीतरी बसलं होतं. मोजणीत तो चुकला नव्हता. आणि आज त्यानं तोंडं बघितली होती. आबांना हे आत्ताच्या आत्ता सांगावं, असं त्याला झालं.

नानासो ओल्या धोतरानं तसाच उभा होता. कमरेचा कोयता काढून त्यानं सापळ्यांची दोरी काठाशी तोडली. दोरी सळसळत पाण्यात गेली.

"बंद लिवा," तो म्हणाला. "आजपासून बंद."

मनुबाई कंदील आणि कोरडं लुगडं घेऊन आली. बयाबाई पोरीचे केस पुसू लागली, एक बाजू, मग दुसरी. आणि पुसता पुसता तिचा हात थांबला.

"हे काय गं? सकाळी येनी घातली तवा न्हवतं हे."

अमृतनं कंदील जवळ नेला. साक्षीच्या उजव्या कानाच्या टोकाला एक खाच होती. खाली, आतल्या बाजूला, दुसरी, बारीक.

रक्त नव्हतं. त्यानं अंगठा फिरवून बघितलं. कड गोल होती, मऊ, कितीतरी वर्षांपूर्वी भरून आलेली.